बारा बाटल्या शिळं पाणी

१४ जानेवारी १९९६, रविवार
आधी आली ती वरची प्रेमा. ऑटो फाटकाशी नीट थांबलीसुद्धा नव्हती आणि ही वाटी घेऊन जिन्यात हजर. म्हणे साखर हवी. रविवारी सकाळी सात वाजता साखर! खोका बघायचा होता बाईला. विचारते, अज्जी, कोचीहून मासे आणले काय? मी म्हटलं, समुद्र आणलाय. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. साखर न घेताच वर गेली.

खोका वीणाचा, कोचीहून रेल्वेने आलेला. वीणा माझी नात. इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये समुद्राचा अभ्यास करते. बंगळूरला समुद्र नाही, पण प्रोफेसर आहेत, म्हणून इथे. खोक्यात बारा काचेच्या बाटल्या. बोटीवरच्या लोकांनी अरबी समुद्रात वेगवेगळ्या खोलीवर भरलेल्या. एक अगदी वरची, एक तीन हजार मीटर खालची, बाकीच्या मधल्या. ह्या बारा बाटल्यांवर वीणाची पीएचडी आहे. तीन वर्षं वाट बघत होती पोर. उद्या संक्रांतीची सुट्टी, लॅब बंद, म्हणून खोका दोन दिवस माझ्या देवघरात. तिथे ऊन येत नाही. वीणा म्हणाली, अज्जी, हात लावू नकोस हं. मी कशाला लावते.

तिला स्वतःला बोटीवर जायचंय. तिचे सर म्हणतात, घरून होकार असेल तर नाव देतो. दत्ता नको म्हणतो. दत्ता म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप. त्याचं म्हणणं, बाटल्या भरून घरी येतात, मग पोरीने पन्नास गड्यांत बोटीवर कशाला जायचं? वीणाला शब्द दिलाय, बापाला मी वळवते. आठ दिवसांत. पोटचा आहे, वळेल.

संकल्प: १. रोज लिहायचं. २. वीणाचा विषय शिकायचा. चौथी झालेय, निपाणीच्या शाळेत, पहिला नंबर. (मुली तीनच होत्या.)

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत. सकाळी ८
साडेपाचला नळाला कावेरीचं पाणी आलं. आमच्याकडे सणाला शिळं पाणी ठेवत नाहीत. कळशी, हंडा, तांब्या, सगळं ओतायचं, घासायचं, ताजं भरायचं. माझी आई करायची, सासूबाई करायच्या. सगळं झालं, देवघरात आले आणि बघते तो काय, बाटल्या! लेबलावर तारीख नोव्हेंबरची. दोन महिन्यांचं शिळं पाणी, देवासमोर, संक्रांतीला!

वीणा हात लावू नको म्हणाली होती ते खरं. पण ते फुटेल म्हणून. माझ्या हातून आजवर काही फुटलेलं नाही. (माझी सून संध्या, तिची बरणी मांजराने पाडली.)

एकेक बाटली घेतली, म्हणजे नंबर चुकायला नकोत. थेंबभर चाखलं. खारट, आणि मागून कडवट. ओतलं, बाटली विसळली, ताजं पाणी भरलं, खडेमीठ घातलं, परत चाखलं. तिसऱ्या बाटलीपासून हात बसला. बाटलीला अडीच चमचे, शिगोशीग. कडवटपणा तेवढा आला नाही, पण तो नको होताच. बाराव्या बाटलीचं झाकण पक्कडीने काढलं. परत बसवून वरून दत्ताच्या ड्रॉवरमधली टेप लावली. पाणी वाया नाही घालवलं, कढीपत्त्याला घातलं.

वीणाला सांगणार नाही. केलेलं बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

१७ जानेवारी
काल खोका लॅबला गेला. वीणाने गळ्यात हात टाकले, म्हणाली, अज्जी, किती नीट सांभाळलंस. डोळे भरले.
कढीपत्ता मान टाकतोय. वरून प्रेमा साबणाचं पाणी सोडते. तिच्याशी बोलायला हवं.
दत्ताला सर्दी. बोटीचं नंतर.

२८ जानेवारी, रविवार
शिकवणी झाली. वीणाने सांगितलं, मी पाठ केलं. सन साठच्या पुढेमागे मोठ्या देशांनी बाँब उडवून बघितले. त्याचं ट्रिशियम नावाचं काहीतरी हवेत गेलं आणि पावसातून खाली आलं. दत्ता मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसला तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, त्यामुळेच नापास झाला असेल. संध्या हसली. दत्ता उठून गेला.

तर ज्या पाण्याने त्यानंतरचं आभाळ बघितलं, त्यात ते सापडतं. जे त्याच्या आधीच खाली गेलं, त्यात नाही. म्हणजे पाणी तळाशी कधी उतरलं, कुठून कुठे गेलं, ते कळतं. पाण्याच्या अंगावरचा शिक्काच तो. मी विचारलं, तळाचं पाणी किती जुनं? म्हणाली, हजार वर्षांचंसुद्धा असेल, अज्जी. हजार वर्षं! कोणी ओतायला नाही? समुद्राच्या घरात बाईमाणूस नसल्यावर असंच होणार. हे बोलले नाही. लिहून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, रविवार
जे. पी. नगरच्या महिला मंडळात माझं भाषण ठरवलं. विषय: समुद्राचं वय. अध्यक्षीणबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही, त्यांना नुसता हळदीकुंकवाचाच कार्यक्रम ठेवायचाय. सरी, ठीक आहे म्हटलं. मी तयारीला लागले.

दत्ताकडे विषय काढला. पेपर वाचत होता. हुं म्हणाला. हुं म्हणजे अर्धा होकार. उरलेला अर्धा पुढच्या आठवड्यात.

कढीपत्ता मेला. प्रेमाला सुनावलं. ती म्हणते, साबणाचं पाणी माझ्या मोरीतून गटारात जातं, तुमच्या कुंडीत कसं येईल, अज्जी? उलट बोलायची फार सवय.

३ मार्च, रविवार
रिझल्ट आला! बाराच्या बारा बाटल्यांत ट्रिशियम. वरच्या बाटलीत जेवढं, तीन हजार मीटरच्या बाटलीतही तेवढंच. वीणाचे सर, हयवदन सर, खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे. म्हणाले, तळाचं पाणी कालपरवा पाऊस होऊन पडलेलं आहे, आजवरची सगळी पुस्तकं चुकली! वर्षभरात अख्खा समुद्र खालीवर ढवळला जातो, असा शोध लागलाय. त्यांनी लगेच पेपर लिहून कॉन्फरन्सला पोस्टाने पाठवला.

घरात पेढे. प्रेमालाही दोन दिले, साबण विसरून.

वीणा मात्र जेवली नाही. म्हणाली, बाबा, असं होऊच शकत नाही. दत्ता म्हणाला, यश आलं तर रडतेस कसली? आणि पीएचडी होतेच आहे, तर बोट कशाला?

५ मार्च, मंगळवार, दुपारी
भाषणाची तयारी करत होते. मोठ्याने वाचलं: कालपरवा पाऊस होऊन पडलेलं पाणी. कावेरीला पाणी कुठून येतं? पावसाचंच की.
चहा निवला.

नीट विचार केला. मीठ तर घातलं होतं. प्रमाणात. आणि एवढे शिकलेले लोक, त्यांना कळलं नसतं? काहीतरी वेगळं असेल. शिवाय सर केवढे खूश आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या आनंदात मी कशाला मध्ये पडू? (सर पन्नासचे आहेत.)

तरी उद्या वीणाला सांगते.

६ मार्च
वीणाचं डोकं दुखत होतं.

८ मार्च
संकष्टी. उपासाच्या दिवशी असलं बोलू नये.

११ मार्च
सांगणारच होते. वीणा चौथ्यांदा सगळी गणितं करत होती. डोळ्यांखाली काळं. मी तिला दूध दिलं. सांगण्यापेक्षा आधी ताकद येऊ दे.

१४ मार्च
महिला मंडळातलं भाषण रद्द केलं. मी. घसा.

२० मार्च, पाडवा
नवं वर्ष. आज सांगायचंच, असं कालच ठरवलेलं. सकाळी वीणाला हाक मारली. आली, पाया पडली, म्हणाली, अज्जी, आशीर्वाद दे, रविवारी सर घरी येणारेत, सोबत कल्लाप्पा म्हणून एक मोठे सायंटिस्ट, त्यांचा रिझल्टवर विश्वास नाही. मी आशीर्वाद दिला. सांगायचं रविवारनंतर. पाहुण्यांसाठी करंज्या करायच्यात.

२४ मार्च, रविवार
पाचला आले. हयवदन सर, त्यांच्या पत्नी विमलाबाई (धारवाडच्या, मराठी छान बोलतात) आणि ते कल्लाप्पा. कल्लाप्पा बारीक, पांढऱ्या भुवयांचे, करंजी न खाता हातात धरून बसलेले. सर शोधाबद्दल बोलत राहिले. दत्ता मधे मधे मान हलवत होता, त्याला जसं काही कळत होतं.

कल्लाप्पांनी वीणाला एकच विचारलं, बाटल्या स्टेशनवरून थेट लॅबमध्ये आल्या का? ती म्हणाली, नाही सर, दोन दिवस घरी होत्या, देवघरात, अज्जीच्या. कोणी उघडल्या? म्हणाली, छे, शक्यच नाही.

मग ते शांतपणे म्हणाले, तर चूक तुझ्या हातात आहे. मोजताना तू पाणी बिघडवलंस. ज्याचे हात स्वच्छ नाहीत त्याने हे काम करू नये. हयवदन, ह्या मुलीला दुसरा विषय दे. सर आधी लाल झाले, मग हळूच म्हणाले, शक्यता आहे. शक्यता आहे! इतके दिवस शोध सरांचा होता, चूक निघाल्याबरोबर वीणाची झाली.

वीणा आपल्या हातांकडे बघत बसली.

तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, साहेब, माझ्या नातीचे हात स्वच्छ आहेत. पाणी मी बदललं. संक्रांत होती, शिळं होतं. अडीच चमचे मीठ घातलंय बाटलीला, चाखून. चवीत फरक दाखवा.

वर प्रेमाचा रेडिओ चालू होता तो ऐकू यायला लागला. सरांनी अर्धी करंजी बशीत परत ठेवली. कल्लाप्पा आधी खोकताहेत असं वाटलं, मग बघते तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सर म्हणाले, पेपर पोहोचला असेल. दोनदा म्हणाले.

वीणा उठली. वाटलं, आता आत जाऊन दार लावून घेणार. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, अज्जी, आमचं पाणी कुठे ओतलंस? मी म्हटलं, कढीपत्त्याला. ती खालीच बसली आणि तोंड पदरात घालून, माझ्याच पदरात, हसली की रडली ते मला कळलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले. तीन वर्षं, अज्जी, म्हणाली. एवढंच.

कल्लाप्पांनी डोळे पुसले. म्हणाले, मुलीने चार वेळा गणित करून रिझल्टवर शंका घेतली, हात चांगले आहेत, माझं चुकलं. पण पाणी गेलं. एप्रिलमध्ये बोट निघतेय, एक जागा आहे. हिने स्वतः जाऊन भरून आणावं, दुसरा मार्ग नाही. सगळ्यांनी दत्ताकडे बघितलं. दत्ताने माझ्याकडे. म्हणाला, ह्या घरात बाटल्या ठेवण्यापेक्षा पोरगी समुद्रात असलेली बरी. जाऊ दे तिला.

२५ मार्च, सोमवार
रात्री सगळा विचार केला. दत्ताला आठ दिवसांत वळवते म्हटलं होतं, दहा आठवडे लागले, पण वळवला. मी नसते तर पोरगी बोटीवर गेली असती का? हे संध्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. वीणा सकाळी बोलली. म्हणाली, अज्जी, स्वल्प दिवस माझ्याशी पाण्याबद्दल बोलू नकोस. बाकी कशाबद्दलही बोल. सरी म्हटलं. बाकी कशाबद्दल बोलायचं ते सुचेना.

काल सर सरळ कॉन्फरन्सवाल्यांना फोन करायला गेले होते, पण जाताना कल्लाप्पांनी मला नमस्कार केला, वाकून. विमलाबाई म्हणाल्या, वीणा परत आली की आम्ही सगळे पुन्हा येऊ. त्यांनी आपला ग्लास भरलेलाच ठेवला होता, तो मी नंतर ओतला.
येणार: ९ जून, रविवार, संध्याकाळी पाच. अज्जी, त्रास घेऊ नका, प्यायचं पाणी आम्ही घरून आणू, म्हणाल्या.