आबांचा कापलेला आशीर्वाद

बिश्केक,
११ मार्च

आदरणीय आबांना सलाम,

माणसं-जनावरं सुखरूप ना? घोडी व्यायली का? खिंडीतलं बर्फ अजून हललेलं नाही असं नारीनचा गाडीवाला सांगत होता, म्हणजे मेंढ्या अजून आतच असणार. इकडे मी बरी आहे. हॉस्टेलचा हीटर बंद पडलाय, आम्ही खोलीतल्या तिघी दाटीवाटीनं झोपतो. परीक्षा तोंडावर आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता आणि आम्ही 'हो आबा' म्हणतो. बाबा तुमचे धाकटे भाऊ, पन्नाशी उलटली तरी तेही तेवढंच म्हणतात. म्हणून लिहितेय. चष्मा लावून स्वतः वाचा, एर्मेकदादाकडून वाचून घेऊ नका. त्याच्याच लग्नाची गोष्ट आहे, आणि बापासमोर हे मोठ्यानं वाचायला त्याला जड जाईल.

काल बाबांनी तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला, मध्ये घसा खाकरत. नाझिकवहिनीला मुलगी झाली. का झाली? तर लग्नाच्या व्हिडिओत मी तुमचा आशीर्वाद मध्येच कापला, शेवटी 'तसंच होवो' म्हणून सगळे म्हणतात ते 'ओमीन' ठेवलं नाही, आणि ओमीन नसलेला आशीर्वाद फळत नाही, म्हणून झाली. आता मी कॉलेज सोडून घरी यायचं. पाळण्याच्या समारंभात सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर माफी मागायची. मग तुम्ही तोच आशीर्वाद पुन्हा देणार, मी तो पुन्हा शूट करायचा आणि जुन्या व्हिडिओत बसवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला तरी फळेल. पोरीला शिकायला पाठवलं तर वडिलांच्या बोलण्यावर कात्री चालवायला शिकून आली, असंही म्हणालात म्हणे.

आबा, मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की घासायला घेतलेली भांडी तशीच टाकून मी अंगणात जाऊन उभी राहिले. मुलगी झाली त्याचं खापर माझ्या एडिटिंगवर? त्या दिवशी अख्ख्या हॉलनं तळहात पसरून ओमीन म्हटलं, तोंडावरून हात फिरवले. ते देवाला ऐकू गेलं नाही, आणि तुमच्या टीव्हीवरचा व्हिडिओ मात्र तो मांडी घालून बघत बसला होता का? वहिनी बाळंतपणातून सुखरूप उठली, पोर धडधाकट आहे, याचा आनंद कुणी करायचा? निरोपात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी बाबांना विचारलं, बाळ कुणावर गेलंय? ते म्हणाले, अजून नीट बघितलं नाही.

आणि कॉलेजचं म्हणाल तर, लग्न ठरलं तेव्हा हेच कॉलेज बरं गोड लागलं होतं. बाहेरचा कॅमेरावाला कशाला, घरची पोरगी शिकतेय की, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. मी सकाळपासून कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी. मांस वाटताना प्रत्येकाच्या मानाचं हाड ठरलेलं, आजोबांना कुठलं, जावयाला कुठलं, सुनांना कुठलं. कॅमेरा धरणाऱ्या मुलीला कुठलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मला कुठलंच मिळालं नाही. आईनं शालीआडून चार तळलेले बोरसोक आणून माझ्या तोंडात कोंबले, कारण माझे हात मोकळे नव्हते.

तो आशीर्वाद का कापला, हे तुम्ही तेव्हाही विचारलं होतंत. मी सांगितलं की माइकमध्ये वारा शिरला, आवाज खराब आला. मग काकूंना सांगितलं की आशीर्वाद फार लांबला होता. लांबला होताच म्हणा. तुम्ही घोड्यांपासून सुरुवात केलीत, मग मेंढ्या, मग सात पिढ्यांचे पूर्वज, तोवर ताटातली चरबी गोठली. पण लांब होता म्हणून मी कापला नाही. आणि बंद हॉलमध्ये वारा कुठून शिरणार? तुम्ही ते खरं मानलंत, याचंच मला नवल वाटलं.

आमच्या एडिटिंगच्या दामिराबाई शिकवतात, माणूस खूप वेळ बोलत असेल तर त्याच्यावरच कॅमेरा रोखून बसू नका, ऐकणाऱ्यांचे चेहरे शोधा. म्हणून मी कॅमेरा वळवला. आजोबा दिसले, एर्मेकदादा दिसला. मग दाराशी आई दिसली, हातात चहाची किटली. तुमच्या घरात सून म्हणून येऊन तिला इतकी वर्षं झाली, अजून लग्नकार्यात चहा तीच ओतते. आणि नेमकं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'ह्या सुनेचं घर मुलांनी भरो. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोसारखं तिनं माझं घराणं रिकामं न ठेवो.'

रिकामं. आम्ही तिघी बहिणी त्याच हॉलमध्ये होतो, आबा. थोरली पाहुण्यांचे कोट सांभाळत होती, मधली भाकरी वाढत होती, आणि मी तुमचाच चेहरा चांगला यावा म्हणून दिवे नीट करून घेतले होते.

आईनं काय केलं, ते तुम्ही बघितलं नाहीत. तुमचे डोळे मिटलेले होते. मी बघितलं, जवळून. भरल्या हातांनी ओमीन म्हणता येत नाही, म्हणून तिनं किटली खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं नाही. तळहात पसरले, सगळ्यांबरोबर ओमीन म्हटलं, आणि तोंडावरून हात फिरवले. दुसऱ्या कुठल्या बाईला आपल्यासारखं होऊ नये, यावर तिनं स्वतः ओमीन म्हटलं. मग किटली उचलून तुमच्याच वाटीत चहा ओतला, मान द्यायची रीत म्हणून अर्धीच वाटी.

तुमचं ओमीन तिच्या चेहऱ्यावर आहे, आबा. तेवढंच मी कापलं.

कॉलेजनं कापायला शिकवलं म्हणता ना? तर ऐका. तोच व्हिडिओ मी वर्गातलं काम म्हणून एडिट करत होते, आणि दामिराबाई माझ्या मागे उभ्या राहून आईचा तो चेहरा बघत होत्या. त्या म्हणाल्या, 'हे ठेव. तुझ्या सगळ्या कामात एवढंच जिवंत आहे.' मी नाही म्हटलं. त्यांनी समजावलं, मग चिडल्या, मग मार्क कापले. वर्गात सगळ्यात कमी मार्क मला पडले. कॉलेज ठेव म्हणत होतं. कापलं ते तिच्या पोटच्या पोरीनं, कारण तो व्हिडिओ प्रत्येक सणाला तुमच्या घरी लागणार, आणि प्रत्येक वेळी चहा ओतायला आईच तिथे उभी असणार. अब्रू तिची राहिली, आणि तुमचीही राहिली. त्याबद्दल आता मी माफी मागू?

मागणार नाही. कॉलेजही सोडणार नाही. बाबांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, आबांना तूच सांग. म्हणून सांगतेय. त्यांना रागावू नका, त्यांनी जन्मात एवढंच धाडस केलंय.

पाळण्याच्या समारंभाला मात्र मी येणार. कॅमेरा घेऊन येणार. जुना आशीर्वाद पुन्हा म्हणायला लावून मी शूट करणार नाही, तसलं खोटं काम आम्ही करत नाही. पण बाळाच्या कानात नाव सांगाल ते पहिल्यापासून शेवटपर्यंत घेईन. बाबा म्हणाले, तुम्ही 'बुरुल' ठरवलंय. म्हणजे 'वळ', पुढचं पाऊल मुलाकडे वळव. नका ठेवू, आबा. पाया पडून सांगते, रागावूनही सांगते. तिच्यापुरतं एखादं नाव शोधा. आणि ठेवायचंच असेल, तर डोळे उघडे ठेवून, नाझिकवहिनीकडे बघून ठेवा. कॅमेरा तुमच्यावरच असेल. या वेळी मी काही कापणार नाही.

माझं नाव ठेवलंत तेव्हा कॅमेरा नव्हता. गेल्या महिन्यात कॉलेजच्या रेडिओवर मी पहिल्यांदा बातम्या वाचल्या. सर म्हणाले, ऐकायला गोड असं दुसरं नाव घे, हे नाव ऐकून लोक हसतील. मी घेतलं नाही. बातम्या संपल्यावर माझं तेच नाव अख्खं, सावकाश, स्पष्ट उच्चारलं. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

आईला माझा नमस्कार सांगू नका, तिला मी वेगळं लिहीन.

तुमच्या धाकट्या भावाची तिसरी,
जिच्या कानात तुम्ही 'मुलगा होवो' असं नाव सांगितलंत, ती
ऊलबोलसुन