सात राणीघरं कापली त्याची गोष्ट

१ ऑक्टोबर
मधमाश्यांच्या पेटीत जागा उरली नाही. मागच्या अंगणात, पपईखाली, माश्या पेटीबाहेर दाढीसारख्या लोंबताहेत. वसाहत फोडून अर्धी दुसऱ्या पेटीत बसवायला हवी. नाहीतर राणी अर्ध्या माश्या घेऊन निघून जाईल. दुसरी पेटी तयार आहे. मी नाही. उद्या मारेगाव, मग झरी. पेपरला कापसावर रोज बातमी हवी.
सौ.ला म्हटलं, चार दिवसांत आलोच. ती : "मला काय सांगता? त्यांना सांगितलंत का?"

७ ऑक्टो.
चारचे सहा झाले. पेटी उघडली. पोळ्यांच्या खालच्या कडेला सात राणीघरं, शेंगदाण्याएवढी. नव्या राण्या येताहेत म्हणजे जुनी निघण्याच्या बेतात. नव्याच नकोत, म्हणजे जुनी जाणार नाही, असा शास्त्रार्थ करून सातही कापली.
जेवताना पराक्रम सांगितला. सौ. वाढता वाढता थांबली. "तुम्ही गेलात त्याच दिवशी पेटीवरून केवढा थोरला काळा ढग उठला. मी थाळी बडवली, खाली बसतील म्हणून. शेजारच्या बबनभाऊंच्या कडुलिंबावर गेल्या. मला वाटलं, येतील फिरून."

८ ऑक्टो.
उन्हात एकेक चौकट धरून, चष्मा पुसून पुसून पाहिलं. अंडं एक नाही. अळ्या आहेत, पण राणी होण्याचं वय उलटलेल्या. जुनी गेली, नव्या सात मी मारल्या. उरलेल्या कामकरी माश्या महिना-दीड महिन्यात म्हाताऱ्या होऊन संपणार.
पेटीतून कण्हल्यासारखा आवाज. संस्कृत काव्यांतलं भुंग्यांचं गुंजन जन्मभर घोकलं. त्यात हे नव्हतं.

९ ऑक्टो.
उपाय एकच : ताजी अंडी असलेला पोळ्याचा तुकडा; त्यातून माश्या नवी राणी वाढवतात. तो आता कडुलिंबाच्या ढोलीत, माझ्याच राणीपाशी. कुंपण ओलांडून गेलो. भोवती बबनभाऊंचा कापूस.
"घ्या ना पंडितजी, कोन नाही म्हन्ते? पन उद्या सकाळी फवारनी हाय."
संध्याकाळी करा, माश्या घरी परतल्यावर, म्हटलं.
"मजूर सकाळीच येते. अन् तुमीच तं छापलं पेपरात, बोंडअळी दिसली का लगेच फवारा. आता काहून? अळीले थांबाले सांगू?"
बातमी माझीच. नावासकट.

१० ऑक्टो.
फवारणीआधी ढोलीत हात घातला. चार डंख, तळहाताएवढा तुकडा, अंडी आहेत! चौकटीला दोऱ्याने बांधून पेटीत ठेवला, पेटीचं दार बंद केलं. ढोलीच्या तोंडाला बबनभाऊंनी आपणहून ओलं पोतं लावलं. "तुमची रानी, आमची पावनी."
दुपारी आत गुदमरतील म्हणून दोन्हीकडे उघडलं. संध्याकाळी दोन्हीकडे मेलेल्या माश्यांचा सडा. घाई झाली की काय...

१४ ऑक्टो.
तुकड्याच्या कडेला एक घर लांबट होतंय. एकच.
सौ. : "सुरी मी लपवून ठेवलीय."

१७ ऑक्टो.
घराचं तोंड बंद झालं. आठवडाभरात राणी बाहेर येईल. मग काही दिवसांनी तिला उंच उडून, नर गाठून परत यावंच लागतं. त्याशिवाय अंडी नाहीत, वसाहत नाही. बबनभाऊंची पुढची फवारणी त्याच सुमारास.
सांगायला गेलो. सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. "बरं, त्या दिवशी पंप बंद ठेवतो. तारीख सांगा."
तारीख कुठून सांगू? म्हटलं, स्वच्छ ऊन असेल, वारा पडलेला असेल, अशा दिवशी निघते.
बबनभाऊंनी कापसाचं एक बोंड उलटून पाहिलं.
"फवारनीले बी तसाच दिवस लागते, पंडितजी."