दादा नियमात बसत नाही

३ जून
आमच्या हॉस्पिटलात फुफ्फुसाच्या कॅन्सरची तपासणी सुरू. त्रास होण्याआधीच सीटी स्कॅन. कोण पात्र ते फॉर्म भरून मी ठरवायचं. वय पन्नासच्या वर हवं आणि रोज एक पाकीट, म्हणजे वीस सिगारेटी, अशी वीस वर्षं ओढलेली हवीत. अर्धं पाकीट असेल तर चाळीस. संकल्प: ओळखीच्यांना सूट नाही.

५ जून
पहिला फॉर्म दादाचाच. वहिनीचा आग्रह. वय छप्पन्न, अठराव्या वर्षापासून ओढतो. रोज किती विचारलं, तर म्हणाला दहा-बारा. शंका असेल तिथे खालचा आकडा घ्यावा. दहा धरल्या. अडतीस वर्षं अर्धं पाकीट, म्हणजे हिशेब एकोणीस. एकाने हुकला. वाईट वाटलं. जेवण मात्र छान गेलं.

९ जून
वहिनीचा फोन. दादाच्या सोफे शिवायच्या दुकानात ती झाडलोट करते. "केर मी काढते, भावजी. रोजची पंधरा थोटकं असतात." त्यात गिऱ्हाइकांचीही असणार, हे शांतपणे समजावलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१२ जून, दुपार
आपण दादावर अन्याय तर करत नाही? पुन्हा हिशेब केला. टायफॉइडचा दीड महिना वजा. मी कॉलेजात असताना दोन वर्षं तो प्रत्येक सिगारेट अर्धी मला द्यायचा. ती माझ्या नावावर. आता १८.४४. म्हणजे धोका आणखी कमी. हायसं वाटलं.

२० जून
दादा फार खोकतो. खोकल्याचा रकाना फॉर्मच्या शेवटी आहे. अपात्र माणसाच्या बाबतीत तिथवर जायची गरज नसते.

२८ जून
वहिनी म्हणते, रुमालावर लाल दिसलं. बारा धरल्या तर बसतो. संकल्प: उद्याच तपासणीच्या डॉक्टरीणबाईंना फॉर्म दाखवायचा.

४ जुलै
आज दाखवला. त्यांनी आकडे पाहिलेच नाहीत. खोकला कधीपासून, एवढंच विचारलं. मार्चपासून, म्हणालो.

"मग ही तपासणी त्यांच्यासाठी नाहीच. ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यासाठी आहे ही. यांना तेव्हाच घेऊन यायचं होतं."

म्हणजे वीस असते तरी तेच, नसते तरी तेच.

लगेच दादाला बोलावून स्कॅन केला. उजवीकडे गाठ आहे. बरीच मोठी. पुढचं त्यांनी मला एकट्याला सांगितलं.

दादा बाहेर बाकावर वहिनीजवळ बसला होता. "काय रे, बसलो का शेवटी तुझ्या नियमात?"

मी हो म्हणालो.

तो खूश झाला. वहिनीला म्हणाला, बघ, केलंच की नाही त्याने माझ्यासाठी काहीतरी.