तेराव्या महिन्याचं ताट

कोहमारा, १५ जून २०१५

प्रिय ओमेश्वरी,

सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तोंडाला जमत नाही ते हाताला जमतं का पाहतो. अक्षर वाकडं वाटलं तर सांभाळून घे. चौथीनंतरची माझी शाळा पंचांगातच भरली.

परवा अधिक आषाढ लागतो. लहान असताना तू मला भंडावून सोडायचीस, महिन्यांना नावं कोणी ठेवली म्हणून. पुनवेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो त्याचं नाव महिन्याला. चित्रेचा चैत्र, विशाखेचा वैशाख. पण चंद्राचं वर्ष अकराएक दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालावा लागतो. त्याला स्वतःचं नाव नाही, पुढच्या महिन्याचं उसनं. त्यात लग्न नाही की बारसं नाही. लोक त्याला मलमास म्हणून हिणवायचे. तो रडत विष्णूकडे गेला आणि देवानं आपलंच नाव त्याला देऊन टाकलं, पुरुषोत्तम. इथवर आलो की बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात. देवळात पोथी सांगायला मलाच बसवतात ते यासाठी.

तीन वर्षांमागच्या अधिक भाद्रपदात तू, दुर्गेश आणि रीना चोरखमाऱ्याहून आलात. बोलावणं माझं नव्हतं. तुझी आई भांडली होती, "जवाई दोघंही माहेच, दोघंही येतीन." आले ते बरं, पण भाऊबंद जेवायला होते. आपण पोवार, दुर्गेश गोंड. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आता कशाला लपवू? दुसऱ्या जवायाला, तुझ्या बहिणीच्या, सोनिकाच्या टिकेशला मी पाटावर बसवलं, दिवा लावलेलं तेहतीस अनारशांचं ताट त्याच्या हाती दिलं. दुर्गेशला म्हटलं, आत गर्दी आहे, ओसरीवर बसा. तो हसला, "बाबूजी, इथंच बेस हाय, हवा येऊन राहिली." त्याचं ते हसणं मला अजून बोचतं.

मग रीना सगळ्यांदेखत बोलली, "आजा, माह्या बाबाचं ताट कोठी हाय?" मी पान चघळत राहिलो. आतून तुझी आई म्हणाली, "दुसऱ्या घाण्याचे अनारसे हसले बाई, कढईतच इरले." तू तिच्याकडे पाहिलंस आणि पिशवी उचललीस. त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. माझी तब्येत विचारतेस आणि फोन ठेवतेस. ती शेजारीच उभी असते, फोन बंद झाला की चुलीकडे जाते.

ओमू, अनारसे हसले नव्हते. तिनं दोन ताटं भरली होती, दोन्हींवर दिवे ठेवले होते. तुम्ही जेवायला बसायच्या अर्ध्या तासाआधी दुसरं ताट मी माझ्या हातानं उचललं आणि शेजारच्या केवलरामच्या हाती देवळात पाठवलं. तो गावभर सांगत सुटला, मनीरामभाऊ आधी देवाचं पाहते. मी ते कौतुक हात जोडून घेतलं. तुझ्या आईनं माझी लाज झाकली आणि तुझा राग स्वतःवर घेतला. तीन वर्षांत एकदाच बोलली, "पोथी तेवढी बेस सांगता."

या साली पोथी दुसऱ्यानं सांगावी, असं मी देवळात कळवलं आहे. हे पत्र दुर्गेशला पूर्ण वाचून दाखव, एक ओळ गाळू नको. त्यानं हो म्हटलं तर ताट घेऊन मीच चोरखमाऱ्याला येईन. नाही म्हटलं तर तेही त्याच्या हक्काचं. पण त्याचं उत्तर येईपर्यंत थांबू नको. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी फोन कर आणि मी उचलला तर माझी तब्येत विचारू नको, आईला द्या म्हण.

तुझाच, तोंड दाखवायला लाजणारा,
बाबूजी