साइटचा उतारा

४ मे २००९, सोमवार. सकाळी १०.१५
आजपासून रोजनिशी. पुढं चरित्र लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणून अक्षर बरं काढतोय.
चिकलठाण्याची कंपनी सोडली. तीन वर्षं रबरी वॉशर तपासले. बी.एस्सी. पर्यावरण झालेला माणूस वॉशर तपासतो, यात नुकसान पर्यावरणाचंच. सुपरवायझर कारभारी म्हणाला, राजीनामा कशाला, महिनाभर रजा टाक, जागा ठेवतो. मी म्हणालो, परतीचे दोर कापल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. तो बरं म्हणाला आणि सही केली. एवढ्या लवकर करायला नको होती.
आता पर्यावरण नियोजन व रचना. दोन वर्षांचा कोर्स, जागा फक्त वीस. अख्खा मराठवाडा तुटून पडणार.
संकल्प: पाचला उठणे. रोज एक स्केच. चहा एकदाच.

५ मे, मंगळवार
उठलो साडेआठला. गारखेड्यात आक्काकडे राहतो, तिच्या घराला पूर्वेची खिडकीच नाही. चुकीच्या नियोजनाचा पहिला बळी मी. चहा तीनदा. स्केच उद्या दोन काढीन.

७ मे, गुरुवार
कॉलेजच्या सरांचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात. मागं रिक्षावाल्यांचा कल्ला. तरी मुद्दा पक्का कळला: एक जागा निवडायची, तिच्यासाठी योजना काढायची आणि मुलाखतीला त्या जागेचा उतारा आणायचा. दोनदा म्हणाले, सगळी योजना उतारावर ठरते. सरांचं मराठी कच्चं आहे. उताऱ्यावर म्हणायला हवं, दोन्ही वेळा उतारावर म्हणाले. मोठ्या मनानं दुरुस्त केलं नाही.
साइट: आमचं गावाकडचं वावर, चार एकर. योजना: इको-पार्क. तळं, झाडं, बाकडी. तळं वरच्या अंगाला, रस्त्याकडेला. एसटीतून जाणाऱ्यालाही दिसेल.

१२ मे, मंगळवार
स्केच झालं. रंग अजून द्यायचेत, पण बघणाऱ्याला अंदाज येतो.
दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, ते खूप वेळ पाहिलं. दाजी ड्रेनेजच्या लाइनी टाकतात. विचारलं, ढाळ कुणीकडंय? मी म्हणालो, दाजी, ही पर्यावरण रचना आहे, संडासची लाइन नव्हे. तरी म्हणाले, रविवारी येतो, पाण्याची नळी लावून तासाभरात ढाळ काढून देतो. नको म्हणालो. ज्याचं त्याचं क्षेत्र असतं. आक्का दिवसभर बोलली नाही. कारण कळलं नाही.

१५ मे, शुक्रवार
गावी गेलो. तलाठी भाऊसाहेब मीटिंगला.

१८ मे, सोमवार
भाऊसाहेब लग्नाला. बसायला जागा नाही म्हणून चावडीभोवती अकरा चकरा मारल्या. सारखं वाटतं, इतर पोरं पुढं निघून गेली. चिडचिड होते. झोपून उठलो की कमी होते.

२० मे, बुधवार
भाऊसाहेब भेटले, शिक्का भेटला नाही.
गावात भलतीच बोंब. सातबाराचा उतारा मागणारं पोरगं म्हणजे एक तर वाटणी, नाहीतर विक्री. तिसरं कारण आमच्या गावाला ठाऊक नाही. नानांनी, म्हणजे वडिलांनी, आक्काला फोन करून विचारलं म्हणे, काकासाहेबाला, म्हणजे मला, कुणाची संगत लागली का. आक्का म्हणते, आजच फोन करून खरं काय ते सांग. पण करिअर फोनवर समजावणं अवघड. निवड झाली की पेढे घेऊन जाईन आणि एकदाच सांगेन. सगळे हसतील.

२३ मे, शनिवार
उतारा मिळाला! सहीशिक्क्यासह. चार झेरॉक्स, एक लॅमिनेट.
जेवायला घरी थांबलो. मायनं वाढलं, शेती पाहणारा थोरला बन्सीभाऊ घाईनं जेवून वावरात गेला. नाना माझ्याकडं पाठ करून जेवले. शेवटी एकच विचारलं, "बन्सीनं काय कमी केलं का तुला?"
म्हणालो, तसं नाही नाना, कोर्सला लागतो.
"शिक्षणाला उतारा लागतो व्हय?" म्हणाले आणि ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच.
खेड्यातल्या माणसाला नवीन क्षेत्रांची माहिती नसते. तरी एसटीत करमलं नाही.

१ जून, सोमवार. दुपारी
मुलाखत. समोर दोन सर, एक मॅडम. लॅमिनेट केलेला उतारा टेबलाच्या मधोमध ठेवला. सरांनी पालथा करून पाहिला. मॅडमनी चष्मा लावला, विचारलं हे काय. मी म्हणालो, साइटचा उतारा, ताजा.
मग सर अगदी हळू म्हणाले, "अहो, उतार मागितला होता. पाणी कुणीकडं वाहतं ते."
म्हणजे दाजींचा ढाळ. सरांचं मराठी पक्कं होतं.
मॅडमनी विचारलं, तळं वरच्या अंगाला, तर पाणी चढून येणार का? मी पंप म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच असणार, कारण हसत होत्या.
एकंदरीत मुलाखत बरी झाली. कागदपत्रांच्या बाबतीत माझ्याइतकी तयारी कुणाचीच नव्हती.

८ जून, सोमवार
यादी लागली. दोनदा वरून खाली वाचली, एकदा खालून वर.
मग ऑफिसातल्या बाईंना म्हणालो, स्पर्धा फार दिसते. त्या म्हणाल्या, कुठली स्पर्धा? जागा वीस, अर्ज आले तेरा, घेतले बारा.
तिथून थेट चिकलठाणा. कारभारीनं चहा पाजला. माझी जागा गेल्या सोमवारी भरली. म्हणाला, तूच म्हणाला होतास ना, दोर कापायचेत म्हणून.

११ जून, गुरुवार
पाचला जाग आली. काही काम नव्हतं.
नानांचा फोन आला तो आक्काच्या मोबाइलवर. माझ्या नंबरवर करत नाहीत. आक्कानं माझ्या हातात दिला. नाना म्हणाले, बन्सीशी बोलणं झालं, दोन एकर तुझ्या नावावर करून टाकू, माय रडती पण तिला समजावलंय, घरात भांडण नको. आवाज इतका थकलेला कधी ऐकला नव्हता. मला लाज वाटली. नाना, वाटणी मला नकोच होती, सगळं एका शब्दाच्या चुकीनं झालं, हे सांगायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं.
नानांनी विचारलं, "मग काय म्हणतो?"
मी म्हणालो, "सहीला कधी येऊ?"