हिरवा रकाना

प्रिय विद्याधर,

त्या दिवसापासून तू आपल्या रुग्णसाहित्य केंद्रात पाऊल टाकलेलं नाहीस. केंद्रात मदतीला येणारी सपना रोज विचारते, "काका आजारी आहेत का हो?" मी वॉकर पुसत राहते. "वय झालं असेल तर घरी बस," हे मी तुला सगळ्यांदेखत बोलले, तेव्हा तीही तिथेच होती. तरी विचारते.

केंद्राचं वेबपान मी किती तोऱ्यात केलं होतं! क्लासमध्ये मी एचटीएमएल शिकवायचे तेव्हापासूनचा माझा हट्ट: चित्रं नकोत, एक साधं टेबल आणि रकान्यांना रंग. पान हलकं हवं. हॉस्पिटलच्या जिन्यात रेंज शोधणाऱ्याला आपले फोटो बघायचे नसतात. व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन, सगळं एकाखाली एक. रकाना हिरवा म्हणजे वस्तू केंद्रात आहे, लाल म्हणजे कोणीतरी वापरायला नेली आहे. तू म्हणालास, "मालन, रंगाबरोबर शब्द पण टाक ना गं." मी म्हटलं, "कशाला? डोळे आहेत ना?" आणि वर फोन घ्यायचं काम तुझ्याच गळ्यात मारलं. फोन आला की तू आधी सपनाला विचारून घ्यायचास. मला तो आळस वाटायचा.

त्या दिवशी सपना उशिरा आली. कांजूरमार्गच्या अनंतला आईसाठी ऑक्सिजनचं मशीन हवं होतं, तू आहे म्हणून सांगितलंस, तो टेम्पो घेऊन मुलुंडला केंद्रावर आला, आणि मशीन नव्हतं. संध्याकाळी घाटकोपरहून दुसरं मिळालं, त्याची आई सावरली. पण मी तोवर तुला नको ते बोलून बसले होते. तू चपला घालून निघून गेलास.

परवा सपनाने भिंतीवर लावायला पानाची काळी-पांढरी प्रत काढून आणली. सगळे रकाने सारखेच करडे. काय आहे, काय नाही, मलाच कळेना. चष्मा पुसता पुसता तुझं "शब्द पण टाक" आठवलं. घरी येऊन माणिकला फोन केला. तुझी बायको म्हणाली, "लाल-हिरवं त्याला सारखंच दिसतं. तुला इतक्या वर्षांत कळलं नाही?" रेल्वेच्या मेडिकलनंतर तू एकाएकी "नोकरीच नको" म्हणाला होतास, तेही तेव्हा उलगडलं; तिथे रंग ओळखायला लावतात.

आता प्रत्येक रकान्यात "आहे" किंवा "दिलंय" लिहिलंय. चहा निवायच्या आत झालं, आणि पान तेवढंच हलकं राहिलं. "डोळे आहेत ना" हे मात्र पुसता येत नाही. लाज वाटते रे.

रविवारी बैठक आहे. बोलले सगळ्यांदेखत, तेव्हा माफीही सगळ्यांदेखत मागणार. पान चुकीचं होतं म्हणून सांगेन. पण लगेच कोणीतरी विचारेल, बाकीच्यांना कळत होतं, मग विद्याधरलाच कसं नाही? त्याचं उत्तर तुझं आहे, कॉलेजपासून तू ते जपलंयस. मी गप्प राहिले तर तुला विसरभोळा ठरवतील, बोलले तर तुझी झाकलेली गोष्ट चव्हाट्यावर येईल. म्हणून हे पत्र. किती सांगायचं ते तू ठरव, त्यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. फोन मात्र करू नकोस, लिहूनच कळव. फोनवर मी पुन्हा तुला मध्येच तोडेन.

तू रागावलास तरी तुझीच,
मालन