गेटपासवरचं चौथं नाव

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. आधी सगळा वाच, मग चिड.

शनिवारच्या जेवणापासून तू रुसलीयस. पुण्यातलं ते ऋतूप्रमाणे पदार्थ बदलणारं मोठं हॉटेल तू किती हौसेनं निवडलंस! बुद्धभूषणच्या आईवडिलांना आपण पहिल्यांदाच भेटणार, म्हणून मला साडी तूच नेसवलीस, काटा-चमचा धरायलाही शिकवलंस. मी शिकले. पण भल्यामोठ्या बशीत मधोमध चिमूटभर भारंगीची रानभाजी आली आणि मला हसूच फुटलं. लहानपणी तू नाक मुरडायचीस ती भारंगी, एवढ्या थाटात! उकळून पाणी काढून टाकलं नव्हतं, कडूजार लागत होती. तरी खाल्ली, तुझ्यासाठी.

मग बुद्धभूषणच्या आईनं, कौशल्याबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "आई घरीच असते." सतरा वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत तीनशे माणसांचा स्वयंपाक करतेय. मी घरी कधी होते गं? तू तापानं फणफणलीस तेव्हाही फर्स्ट शिफ्टच्या पोह्यांपाशी उभी होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण लाज नाही वाटत.

त्याच तंद्रीत जेवण संपलं आणि कँटीनच्या सवयीनं मी माझी बशी उचलून उष्ट्या भांड्यांच्या टबात ठेवायला निघाले. वेटर मागे धावला, तू मान खाली घातलीस. म्हणून तुला दिसलं नाही. बुद्धभूषणचे बाबाही आपली बशी घेऊन उठले होते. तीस वर्षं मशीनवर काढलेला, कंपनीच्या कँटीनात जेवलेला माणूस, हात आपोआप उठतात.

आज सकाळी मी कौशल्याबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. तुला न विचारता. सोयरीक मोडली तर मोडू दे, खोट्यावर जुळलेली मला नको. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाजी कडूच होती ना हो?"

रविवारी कंपनीचा फॅमिली डे आहे. मी टोपी घालून वाढायला उभी असेन, भारंगीही माझ्याच हातची असेल. गेटपासच्या अर्जावर बुद्धभूषण आणि त्याचे आईबाबा, या तिघांची नावं लिहिलीत. चौथं तुझं. दरवर्षी लिहिते आणि तू येत नाहीस म्हणून शेवटच्या दिवशी स्वतःच खोडते. यंदा मी खोडणार नाही.

तुझीच,
कँटीनवाली आई